रिकामी बाकं

द्वारकाबाई केळुसकर बावीस वर्षं मास्तरीण होत्या. मग लोकांनी त्यांना निवडून आमदार म्हणून मुंबईला धाडलं. सभागृहात शिरताना अजूनही त्या सवयीनं डोकी मोजायच्या आणि कुणी 'हजर, बाई' म्हणत नाही म्हणून मनातून खट्टू व्हायच्या.

एका दुपारी शिक्षणमंत्र्यांनी नेमकी त्यांच्याच गावची मुलींची शाळा बंद करायला काढली. "आमचे इन्स्पेक्टर आषाढात जाऊन आले. पटावर चाळीस, वर्गात नऊ! रिकाम्या बाकांसाठी शाळा कशाला चालवायची?"

बाई उठल्या. "मग आधी या सभागृहाला कुलूप घाला, साहेब. पटावर एकशे पंचाहत्तर, आत्ता हजर एकतीस. माझ्या मुली निदान भातलावणीला गेल्या होत्या. ही मंडळी जेवून झोपलीत!"

हशा उसळला. मंत्र्यांनी प्रस्तावाचा कागद मिटला. शाळा वाचली.

तेवढ्यात डोळे चोळत आत येणारे एक म्हातारे आमदार बाईंची नजर पाहून दारातच थबकले आणि चटकन म्हणाले, "हजर, बाई!"

सगळे पुन्हा हसले. बाई हसल्या नाहीत. दोन वर्षांनी कुणीतरी हजेरी दिली होती. त्यांनी पदर डोळ्यांना लावला.