वेलावरचा गोठा

एका जंगलाच्या कडेला रानवालाचा एक वेल होता आणि त्याच्या बुडाशी मुंग्यांचं वारूळ. या मुंग्यांचा दुधाचा धंदा होता. हसू नका! वेलाच्या कोवळ्या शेंड्यांवर मावा नावाचे टाचणीच्या डोक्याएवढे किडे बसत आणि दिवसभर रस पीत. मुंगीने मिशीने पाठीवर हळूच थोपटलं, की मावा गोड रसाचा एक थेंब सोडी. हीच मुंग्यांची गाय आणि हीच त्यांची धार. वारुळातली सगळी पिल्लं या थेंबांवरच वाढत.

यंदा गोठ्याची मुकादमी एका चटपटीत मुंगीकडे आली होती. पहिल्याच दिवशी तिने पाहिलं, मावे वेलभर विखुरलेले आणि धार काढणाऱ्या मुंग्या येरझारा घालून बेजार. "हे कसलं कामकाज!" ती म्हणाली. "सगळी जनावरं वारुळाजवळच्या एका शेंड्यावर आणा. आणि धार दोनदा नाही, चारदा काढायची."

एका म्हाताऱ्या मुंगीने जन्मभर धारा काढल्या होत्या. ती म्हणाली, "मुकादमबाई, दूध आपल्या मिशांत नसतं, वेलात असतं. एक शेंडा एवढ्या तोंडांना पुरायचा कसा?"

"आजी, तुम्ही धार काढा. बाकीचं मी बघते," मुकादम म्हणाली.

चार दिवस थेंबच थेंब! मुकादम हरखून गेली. पाचव्या दिवशी शेंडा पिवळा पडला, आठव्या दिवशी त्याने मान टाकली. माव्यांनी धार आखडली. थोपटलं तरी थेंब नाही, दटावलं तरी नाही. वारुळात पिल्लं भुकेने वळवळू लागली.

सकाळी ऊन पडताच ती स्वतः शेंड्यावर चढली आणि जागच्या जागी थबकली. कोवळ्या माव्यांच्या पाठीवर पंख फुटले होते! इवलेसे, काचेसारखे, उन्हात झळाळणारे पंख. जन्मात तिने असं काही पाहिलं नव्हतं. एक मावा उठला, मग दुसरा, आणि बघता बघता सगळा थवा वाऱ्यावर स्वार होऊन झाडांच्याही वर गेला. किती सुंदर होतं ते, आणि किती भयंकर!

"आजी, यांना पंख फुटतात?" तिने कसंबसं विचारलं.

"खायला पुरेनासं झालं की फुटतात," म्हातारी म्हणाली. "मीही आजवर एकदाच पाहिलंय."

मुकादमला आता उमगलं. ज्यांना ती हुकमाचे ताबेदार समजत होती, ते आपल्या खुशीने राहिले होते.

मागे जेमतेम नऊ म्हातारे, बिनपंखी मावे उरले होते. मुकादमने त्यातला एक अलगद जबड्यात उचलला आणि वेलाच्या पार टोकाला, हिरव्यागार शेंड्यावर नेऊन ठेवला. मग ती नुसती बाजूला उभी राहिली. मावा पोटभर रस प्यायला, आणि तिने मिशी लावायच्या आधीच त्याने एक थेंब सोडला. केवढा मोठा वाटला तिला तो थेंब! तो जपून धरून ती पिल्लांकडे निघाली.

तात्पर्य : गोठा दाव्याने टिकत नाही, गव्हाणीतल्या चाऱ्याने टिकतो, आणि हाताखालची माणसंही तशीच टिकतात.