तळ्याकाठची बारा उखळं

आमच्या आंबेटाकच्या तळ्याला पायऱ्या नाहीत. पश्चिमेकडचा काळा कातळ थेट पाण्यात उतरतो, आणि त्या कातळात हातभर खोल खड्डे आहेत. येणारे पाहुणे विचारतात, मांडवाचे खांब रोवायचे का इथे? नाही. ती उखळं आहेत, भात कांडायची. मोजलीत तर बारा भरतील. अकरांचे काठ गुळगुळीत आहेत. बाराव्याचे अजून बोटाला टोचतात.

देवळाच्या पारावरचे तात्या तुम्हाला सांगतील, की तळ्याला पाणी लागेना तेव्हा देवीने अकरा जीव मागितले आणि गावाने ते आनंदाने दिले. आनंदाने! ज्यांच्या घरातलं कोणी जात नाही, त्यांना आनंद फार लवकर होतो. कांडताना बायका सांगतात ती हकिकत वेगळी आहे. मी तीच सांगते.

तेव्हा गावात पाणी नव्हतं. पंचांनी तळं खणायला काढलं, आणि अखितीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पाणी लागेलच, असा देवीला शब्द देऊन बसले. दिवस कमी पडू लागले. मग खणलेली माती लांब न नेता काठावरच टाकायची ठरली. दोन पुरुष उंच ढीग झाला, असं सांगतात. अखितीच्या तीन दिवस आधी, भर दुपारी, त्या ओझ्याने काठ खाली बसला. खाली अकरा गडी होते, अकरा घरांतले.

त्याच खड्ड्यात आठवड्याभराने पाणी लागलं म्हणे. पंच म्हणाले, हे भाग्यवंत, यांच्यासाठी तळ्यावर रडायचं नाही, पाणी खारट होईल. तेरा दिवस गावाने त्या घरांना भाकरी पुरवली. तेराव्याला गोडाचं जेवण झालं. चौदाव्या दिवशी कोणीच आलं नाही.

गेलेल्यांत मल्हारी नावाचा तरुण होता. त्याची बायको सगुणा, मुलगी तीन वर्षांची. घरात चौथं माणूस नाही. म्हणून रोज पहाटे सगुणेसमोर मल्हारीच मुसळ घेऊन उभा राहायचा, आणि गाव त्याला बायल्या म्हणून हसायचं. आता कणगीत भात होतं, पण समोर कोणी नव्हतं.

शेजारी पाथरवटाची बायको राहायची, भिवरा. भाकरी थांबल्यावरही सगुणेच्या घरातून तीन दिवस मुसळाचा आवाज आला नाही, तशी ती गेली. दाराला आतून कडी. आत पोरीचं बारीक कण्हणं.

"सगुणे, दार उघड गं."

"जा बाई तू. माझं झालं."

भिवराने दार ठोठावलं नाही. नवऱ्याची छिन्नी-हातोडी उचलली आणि तळ्यावर जाऊन कातळ फोडायला बसली. आवाज ऐकून रामोजी पंच आला.

"काय मांडलंयस हे?"

"उखळ."

"घरात नाही का तुझ्या?"

"आहे. पण घराला दार असतं, दाराला कडी असते."

"इथे कोणी रडलं तर पाणी खारट होईल."

"मग पहिला तांब्या मी पिईन. तुम्ही बाजूला व्हा, कपच्या उडतायत."

दिवस कलताना ती पुन्हा सगुणेच्या दाराशी आली. म्हणाली, "उखळ केलंय. पण एकटीचं मुसळ तिरकं पडतं माझं. तू नाही आलीस, तर तुझी पोर आणि मी, दोघी उपाशी झोपू." बऱ्याच वेळाने कडी निघाली.

एका उखळात दोन मुसळं चालतात तेव्हा एक वर, एक खाली. लक्ष चुकलं की एकमेकांवर आदळतात. म्हणून समोरच्या माणसाकडे बघावंच लागतं. आठ दिवस दोघी नुसत्या कांडत होत्या. नवव्या दिवशी सगुणेचा ठोका चुकला, आणि ती तशीच थांबली.

"ते सांगत होते पंचांना, माती काठावर नको म्हणून. तर म्हणाले, काल मिसरूड फुटलेल्याने आम्हाला शिकवू नये."

गप्प बस, असं भिवरा म्हणाली नाही. देवाची मर्जी, असंही म्हणाली नाही. एवढंच म्हणाली, "सांग."

सगुणा त्या कातळावर इतकी रडली, की तिचं रडणं वेशीपर्यंत गेलं. दुसऱ्या दिवशी उरलेल्या दहा घरांतल्या दहाजणी मुसळं घेऊन आल्या. भिवराने आणखी दहा उखळं कोरली, आणि वर्षभर पंचांच्या कानांवर अकरा उखळांचा आवाज आणि मल्हारीचं ‘माती काठावर नको’ हे वाक्य पडत राहिलं. शेवटी रामोजी आला. मान खाली. "मी काय करू?" त्याने विचारलं.

"माती उचला," सगुणा म्हणाली.

समोरच्या माळावर ती टेकडी दिसते ना, ती या मातीची. पंचांनी पाटी-पाटीने वाहिलेली. तिला म्हाताऱ्यांचा ढीग म्हणतात. तात्यांना ते नाव आवडत नाही. आणि पाणी? पिऊन बघा. गोड आहे.

तेव्हापासून गावात कोणी अवचित गेलं, की चौदाव्या दिवशी त्या घरचं माणूस भात घेऊन इथे येतं आणि गावातलं कोणीतरी वर्षभर त्याच्यासमोर मुसळ धरतं.

मागच्या वर्षी आमची कॉलेजची जीप घाटात कोसळली. चौघं गेले. त्यात वामनकाकांची रेवती होती, माझ्याच बाकावर बसणारी. सरकारी गाडीतून समुपदेशक ताई आल्या. चांगल्या होत्या. दोन दिवसांनी फोन नंबर देऊन गेल्या; गावात रेंज नाही. बाकी तीन घरांतल्या आया जुन्या उखळांवर आल्या. वामनकाकांच्या घरात बाई नाही. तात्या म्हणाले, "पुरुषमाणूस कांडत नसतो. ही अकरा उखळं बायांची, आणि हकिकतीत अकराच."

"मल्हारी कांडायचा, तात्या," मी म्हटलं, आणि छिन्नी घेतली.

गावात आता गिरणी आहे. तरी आजही, तुम्ही पहाटे आलात, तर या बाराव्या उखळाशी आम्ही दोघं दिसू. काकांचं मुसळ अजून चुकतं आणि माझ्या मुसळावर येऊन आदळतं. मी थांबते. "सांगा," म्हणते. अजून ते काही बोललेले नाहीत. पुन्हा मुसळ उचलतात, मीही उचलते. काठ गुळगुळीत व्हायला वेळ लागतो.