ठेंगणीची पाळी

फार वर्षांपूर्वी, माणसाला मधाची चव ठाऊक नव्हती तेव्हा, एका जांभळाच्या ढोलीत मधमाश्यांचं पोळं होतं. ढोलीला दार एकच, तेही एका वेळी एकच माशी जाईल एवढं.

ठेंगणी नावाची माशी पोळ्याची झाडलोट करायची. जांभळाला मोहोर आला आणि दारात गर्दी उसळली. ठेंगणी केर घेऊन निघाली की मध आणणाऱ्या माश्या खेकसत, "हो बाजूला! मोहोर काय तुझ्यासाठी थांबणार आहे?" शेवटी राणीनं हुकूम काढला, "मोहोर सरेपर्यंत झाडलोट बंद."

चार दिवसांत पोळ्याच्या घराघरांत मेणाचा चुरा साठला. मध ओतायला जागा उरली नाही. पोटात मध घेऊन आलेल्या माश्या ताटकळू लागल्या.

ठेंगणी भीत भीत राणीकडे गेली. "आईसाहेब, मध आणणारी दिसली की मी मागे सरेन. दार मोकळं दिसेल तेव्हाच बाहेर पडेन."

"आणि मोकळं झालंच नाही तर?"

"तर वीसजणी आत आल्या की एकदा मला वाट द्यायची. तेवढ्यानं मोहोर सुकत नाही."

राणी हसली. "मान्य!"

दोन दिवसांत घरं लख्ख झाली, मध भरू लागला. ठेंगणी आनंदानं गुणगुणत होती. तेवढ्यात सगळ्यांत जास्त खेकसणारी माशी तिच्याजवळ थबकली.

"बाहेर रिकामीच तर चालले आहे," ती म्हणाली, "आण तो चुरा इकडे."