दोराचं खालचं टोक

"जुना घेऊ की नवा, बुवा?"

बुवांनी बशीतला चहा संपवला. बशी बाजूला ठेवली.

रोहिदासने दोन्ही वेटोळी त्यांच्यासमोर घोंगडीवर ठेवली होती. एक नव्या नायलॉनच्या दोराचं, मुंबईहून आलेलं, अजून दुकानाचा वास न गेलेलं. दुसरं जुन्याचं, हाताळून मऊ पडलेलं. दिवस खंडेनवमीचा होता. सुतार करवतीची पूजा करतो, तशी बुवांच्या चेल्यांनी सकाळीच दोरांची, मेखांची आणि हातोड्यांची पूजा केली होती. जुन्या दोरावर झेंडूची अख्खी माळ होती. नव्याच्या वाट्याला एकच फूल आलं होतं.

बुवा म्हणजे अनंत केदारी. गळ्यात माळ नाही, कपाळाला गंध नाही, कीर्तनाला बसले तर पहिल्याच अभंगाला डुलकी. तरी सगळे त्यांना बुवाच म्हणत, कारण करवलीच्या सुळक्याखाली झोपडी बांधून एकटा राहणारा माणूस दुसरा कोण असणार? सत्तरीला टेकले होते, पण अजून कातळावर चढत आणि येईल त्याला चढायला शिकवत.

त्यांच्याकडे एक रीत होती. दसऱ्याला लोक सीमोल्लंघनाला वेशीबाहेर जातात, ही मंडळी सुळक्यावर जात. पावसाळा संपल्यावरचा तो पहिला चढ. दोर बांधून पुढे कोण जाणार, ते बुवा आदल्या दिवशी सांगत. त्यांनी सांगितलं की वाद संपला.

या वर्षी रोहिदास डुंबरेला जायचंच होतं.

फाल्गुनात तो याच सुळक्यावरून पडला होता, माथा हाताशी आला असताना. घाईत त्याने दोर अडकवायची मधली मेख कातळात ठोकली नाही, तसाच वर सुटला आणि हात निसटला. शेवटच्या मेखेपर्यंत पडला आणि तिच्याही बराच खाली गेला. तिथे या जुन्या दोराने त्याला धरलं, निदान तो तसं सांगायचा. तेव्हापासून त्याच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. घरी लग्नाची बोलणी चालली होती, तीही त्याने "दसरा झाल्यावर बघू" म्हणून उडवून लावली होती.

"जुनाच घेतो," आता तो स्वतःच म्हणाला. "नवा चांगला असेल, पण त्याची परीक्षा झालेली नाही. ह्याची झालीय. ह्यानं माझा जीव वाचवलाय."

बुवांकडे पहिल्याच दिवशी शिकवलं जाई, की मोठा झटका खाल्लेला दोर पुन्हा चढाईला घ्यायचा नाही. वरून तो धडधाकट दिसतो. आतून त्याचा दम संपलेला असतो, आणि पुढच्या झटक्याला तो राहील की जाईल, हे कुणालाच सांगता येत नाही. रोहिदासला हे तोंडपाठ होतं. नव्या पोरांना तोच शिकवायचा. पण लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, त्यातली गत.

"नियम ठावा हाये ना?" बुवांनी विचारलं.

"आहे. पण हा दोर वेगळा आहे, बुवा."

"असं…"

बुवा उठले. धोतराचा काचा मारला.

"चल मागं. मला बांध."

झोपडीमागे एक ठेंगणा कडा होता, शिकाऊ पोरांसाठी. त्याच्या माथ्यावर लोखंडी कडी पक्की बसवलेली होती. दोर त्या कडीतून ओवायचा, एक टोक चढणाऱ्याच्या कमरेला बांधायचं आणि दुसऱ्या बाजूचा दोर खालच्या माणसाने धरायचा. चढणारा वर जाईल तशी खालच्याने ढील, म्हणजे सैल पडलेला दोर, ओढून घ्यायची. दोर धरायची यंत्रं तेव्हा इकडे आलेली नव्हती. खालचा माणूस दोर पाठीमागून कमरेभोवती घेई आणि नुसत्या हातांनी धरी.

"कुठला दोर घेऊ?" रोहिदासने विचारलं.

"तुझं तू बघ. जीव माझा हाये, एवढं ध्यानात ठेव."

रोहिदास जुन्या दोराकडे गेला. माळ बाजूला केली. वेटोळं उचललं… आणि तसाच उभा राहिला.

मग त्याने ते खाली ठेवलं आणि नवा दोर उचलला.

बुवांनी पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. रोहिदास मागच्या वाटेने माथ्यावर जाऊन दोर ओवून आला, तेव्हा ते हात वर करून कंबर बांधून घ्यायला उभे होते.

"जुना का न्हाई?"

रोहिदास गाठ मारत राहिला. त्याला स्वतःचाच राग आला होता. आपल्या जिवाला जो दोर चालतो, तो म्हाताऱ्याच्या जिवाला का चालू नये?

बुवा चढू लागले.

रोहिदास खाली दोर धरून उभा राहिला. ही जागा त्याच्या सवयीची नव्हती. तो कायम पुढे जाणारा. दोर धरायला खाली कुणी ना कुणी असायचंच, आणि बहुतेक वेळा ती सगुणा असायची.

सगुणा लांडे पायथ्याच्या वाडीतली. दूध केंद्रावर कामाला होती आणि सुट्टीच्या दिवशी कड्यावर. फाल्गुनात खाली दोर धरून तीच उभी होती. रोहिदासला सुखरूप जमिनीवर आणल्यावर त्याच्या तोंडून पहिलं वाक्य निघालं, तेही सगळ्यांसमोर: ढील जास्त सोडलीस.

ती काही बोलली नव्हती. दोन्ही मुठी पंच्यात गुंडाळून ती उतरून गेली, आणि त्यानंतर सुळक्याखाली आलीच नाही. रोहिदासने त्या गुंडाळलेल्या मुठी पाहिल्या होत्या. त्यांचं काय झालं, हे त्याने कधी विचारलं नाही.

बुवा कड्याच्या निम्म्यावर गेले. त्यांच्या डोक्यावरून मागचा करवलीचा सुळका दिसत होता, पावसाने धुऊन काढलेला, उन्हात स्वच्छ. रोहिदासची नजर तिकडे गेली. फाल्गुनात राहिलेली मेख कुठे बसेल, ते तो हेरू लागला. त्या भेगेच्या डावीकडे… तिथे पाय, मग तिथे हात…

बुवांनी हात सोडले.

सांगितलं नाही, हाक मारली नाही, नुसते सोडले.

ओढायची राहिलेली ढील एका दमात गेली. मग दोर रोहिदासच्या तळव्यांतून सरसरत निघाला. तळवे पेटले. हात आपणहून उघडायला निघाले. सोडून द्यावंसं वाटलं, खरोखर वाटलं. त्याने दात आवळले, टाचा मातीत रोवल्या, कंबर मागे रेटली आणि धरला.

बुवा जमिनीपासून वीतभर वर लोंबत होते. धोतराचा सोगा धुळीला लागला होता.



"काय रे," बुवा लोंबता लोंबता म्हणाले, "ढील जास्त झाली का?"

रोहिदासने त्यांना हळूच टेकवलं. मग तळवे उघडून पाहिले. मधोमध लाल पट्टा उठला होता आणि एका जागी कातडी सोलली होती. त्याला लाज वाटली. इतकी, की बुवांकडे बघवेना. बुवा हलके, कडा ठेंगणा, आणि तरी ही गत. सगुणाने याच्यासारखा धिप्पाड गडी सुळक्याच्या उंचीवरून पडताना धरला होता. आणि हा दोराला माळा घालत बसला होता.

"मधली मेख मी मारली नव्हती," तो म्हणाला.

"व्हय."

"सगळ्यांना माहीत होतं?"

"सगळ्यांना."

"मग कुणी बोललं का नाही?"

"जिचे हात सोलले ती बोलली न्हाई. मग आमी कशाला बोलू?"

बुवांनी कमरेची गाठ सोडली आणि दोर त्याच्या हातात दिला.

"उद्या तू पुढं जा. माझी ना न्हाई. दोर बी बराबर निवडलास." ते झोपडीकडे वळले. "फक्त खाली कोण उभं ऱ्हानार, ते तेवढं सांग."



हवं होतं ते मिळालं होतं. ज्यासाठी इतके महिने झुरला, ती परवानगी पदरात पडली होती. त्याने एकदा सुळक्याकडे पाहिलं, एकदा हातांकडे. मग पायवाटेला लागला आणि वाडीत उतरला.

सगुणा दूध केंद्राच्या ओट्यावर कॅन घासत होती. तो काय बोलला, ते वाडीत पुढे तिखटमीठ लावून सांगितलं गेलं. खरं तर फार बोलणं झालंच नाही. चूक माझी होती, मेख मी मारली नव्हती, आणि हे मी सगळ्यांसमोरही सांगणार आहे, एवढं त्याने सांगितलं. आणि उद्या वर तू जा, असं म्हणाला.

सगुणाने कॅन पालथा घातला. तिची नजर त्याच्या हातांवर गेली. तिने ते ओढून उजेडात धरले, उलटसुलट पाहिले, आणि कुंपणातली कोरफड मोडून त्यावर चोळली. रोहिदास कळवळला.

"झोंबंल. पान्यात घालू नको," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने: "ह्या हातांनी मला धरशील?"

"धरीन."

"नजर दुसरीकडं न्हाई ना जायची?"

"नाही जाणार."

येते म्हणाली नाही, येत नाही म्हणाली नाही. पुढचा कॅन घासायला घेतला.

संध्याकाळी रोहिदासने जुन्या दोरावरची माळ उतरवली आणि तो दोर झोपडीपुढच्या दोन जांभळींच्या मध्ये ताणून बांधला. सकाळी त्यावर बुवांचा लंगोट वाळत होता. दोराचं पुढचं सगळं आयुष्य त्याच कामात गेलं, आणि त्याने कधी तक्रार केली नाही.

दसऱ्याला ऊन सुळक्यावर येण्याआधी सगुणा आली. जमलेल्या मंडळींसमोर रोहिदास उभा राहिला आणि फाल्गुनातली मेख कुणी मारली नव्हती, ते त्याने खणखणीत आवाजात सांगितलं. सगुणा ऐकत होती की नाही, कळलं नाही. ती नवा दोर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बोटांतून फिरवत होती. तिचे तळवे बरे झाले होते, पण मधोमध गुळगुळीत, चकचकीत वण राहिले होते.

दोर तपासून झाल्यावर तिने रोहिदासची उभं राहण्याची जागा तपासली, मागच्या खडकाशी त्याला बांधलेली गाठ ओढून पाहिली, तळव्यांवरच्या फडक्याच्या पट्ट्या आवळल्या. मग स्वतःची कंबर बांधली.

"जाते."

"जा. धरलंय."

ती वर गेली. थांबत, चाचपत, मेखा मारत. फाल्गुनात जिथे मेख राहिली होती, तिथे तिच्या हातोड्याचे घाव बराच वेळ वाजत राहिले. खाली रोहिदास हलला नाही. घाम डोळ्यांत उतरला तरी पुसला नाही. ती हातभर चढली की हातभर दोर देत होता, थांबली की थांबत होता. मंडळी त्याच्या बाजूला गप्पा मारत होती, कुणी पोहे खात होतं. त्याला त्यातलं काही ऐकू येत नव्हतं.

उशिरा पोचलेले घोलप मास्तर धापा टाकत बुवांजवळ येऊन बसले. दर दसऱ्याला ते चढ पाहायला येत. त्यांनी वर पाहिलं, खाली पाहिलं, आणि नवल करत विचारलं, की या वर्षी रोहिदास चढणार असं ऐकलं होतं, मग तो खाली कसा?

बुवांनी ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोला, मास्तर. चढतोय तो."