हौसाबाईची इर्जिक

एका गावात हौसाबाई नावाची एक शेतकरीण राहत होती. कामाला वाघ, मनानं मोकळी, पण भारी मानी. त्या गावात इर्जिकीची चाल होती. एखाद्याचं रान नांगरायचं अडलं, की तो घरोघर जाऊन हाक द्यायचा. मग सारा गाव बैल घेऊन त्याच्या रानात उतरायचा आणि दिवस मावळायच्या आत काम फत्ते करायचा. घरधन्यानं त्यांना पोटभर जेवू घालायचं, बस्स. मात्र हाक आल्याशिवाय कुणी दुसऱ्याच्या बांधावर पाय ठेवायचा नाही. न बोलावता जाणं म्हणजे त्याला दुबळा ठरवणं, असं गाव मानायचा.

हौसाबाई साऱ्यांच्या इर्जिकीला हौसेनं जायची. भाकऱ्यांची चळत लावावी तर तिनंच. पण स्वतः तिनं कधी कुणाला हाक दिली नव्हती. आपलं आपण निस्तरावं, लोकांचे उपकार कशाला, असं तिचं म्हणणं. निस्तरत होतं तोवर ठीकच होतं म्हणा!

दसऱ्याच्या सुमाराला तिचा नवरा कडब्याच्या गंजीवरून पडला आणि पाय मोडून अंथरुणाला खिळला. ज्वारीची पेरणी तर तोंडावर आलेली. रानातली ओल काही कुणासाठी थांबत नाही. ती उडाली की वर्षाची भाकरी गेली. हौसाबाईनं लेकीची, सुगंधाची, शाळा बंद केली आणि तिला रानात नेलं. पोर शिकायला हुशार, शाळेची वेडी. पण आईचा चेहरा बघून तिनं दप्तर खुंटीला अडकवलं. मायलेकी राबराब राबल्या, तरी रान सरेना. हौसाबाई मनात कुढायची. मी साऱ्यांसाठी धावले, आणि माझ्यावर वेळ आली तर कुणी फिरकलं नाही! गरज सरो, वैद्य मरो, दुसरं काय.

एक दिवस शाळेच्या बाई घरी आल्या. त्या रागावल्या नाहीत की त्यांनी उपदेश केला नाही. पोरीला निदान एक दिवस पाठवा, एवढंच म्हणाल्या. हौसाबाईला नाही म्हणवेना.

त्या संध्याकाळी सुगंधा घरी आली ती हसतच. हौसाबाईनं भीत भीत विचारलं, मागं पडलीस म्हणून पोरी हसल्या का?

"नाही गं आई. भागाकार कळेना, म्हणून मी उभी राहून सांगितलं, मला येत नाही. तर साऱ्या जणी माझ्याभोवती येऊन बसल्या. बाई म्हणतात, अडलं की सांगावं. गप्प बसलं तर दुसऱ्याला कसं कळणार?"

हौसाबाईच्या मनात आलं, आपण तरी कुणाला कुठं सांगितलं होतं?

सकाळी ती शेजारच्या धोंडीआबांच्या दारात उभी राहिली. खाली मान घालून म्हणाली, "आबा, माझं रान अडलंय. याल का?"

म्हाताऱ्याचे डोळे पाणावले. "पोरी, अख्खा गाव तुझ्या हाकेची वाट बघत होता. तू साऱ्यांचं केलंस, पण आम्हाला कधी तुझं करू दिलं नाहीस."

मग ती घरोघर हाक देत फिरली. दुसऱ्या दिवशी सारा गाव तिच्या रानात उतरला आणि सुगंधा दप्तर घेऊन शाळेत गेली. ऊन कलायच्या आत रान नांगरून पेरूनही झालं. पंगतीत वाढताना हौसाबाईला रडू आवरेना. एकेकाच्या पानापुढे थांबून ती हात जोडत होती, आणि माणसं म्हणत होती, आधी भाकरी वाढ बाई, भूक लागलीय.

तात्पर्य: मदत करण्यात जसा मोठेपणा आहे, तसाच अडल्यावेळी ती मोकळ्या मनानं मागण्यात आणि कृतज्ञतेनं घेण्यातही आहे. जो हाक देतो, त्यालाच गाव साथ देऊ शकतो.