आईच्या नावाचा थेंब

सकाळचे सात वाजून दहा मिनिटं झाली होती. मोह गाळणाऱ्या सोमारीकाकूच्या ओसरीत घड्याळ आहे, म्हणून नक्की ठाऊक. तेव्हाच इटुकली खार रडायला लागली. मुसू मुसू मुसू.

का रडली? तिची फुलं ओली झाली.

मोहाची फुलं होती ती. आईने वेचलेली. आईने वाळवलेली. आईने वाळक्या भोपळ्याच्या तुंब्यात भरलेली. वर झाकण घट्ट. "मोह गाळायच्या दिवसापर्यंत जपायची हं," आई म्हणाली होती. मग आई वारली.

काल खारीने झाकण काढलं. आईच्या हाताचा वास येतो का, बघायला. येत होता. झाकण लावायचं राहिलंच. दव आत गेलं.

आज सोमारीकाकू सगळ्यांची फुलं एका रांजणात भरत होती. मोह गाळायच्या, म्हणजे फुलांची दारू काढायच्या, दिवशीच तो रांजण उघडणार. ज्याची फुलं, त्याच्या गेलेल्या माणसाच्या नावाने एक थेंब मातीवर पडणार.

काकूने खारीची फुलं दाबून पाहिली.

"ओली आहेत गं बाई! एक ओलं फूल सगळा रांजण नासवतं. वाळवून आण. दुपारी मी रांजणाचं तोंड मातीने लिंपणार."

खारीने फुलं दगडावर पसरली. झाडाच्या शेंड्यावर चढली. तुरु तुरु तुरु.

"ऊनदादा, ऊनदादा, पड ना! ऊन पडेना, फुलं वाळेनात. आईच्या नावाचा थेंब कसा पडेल?"

"ढग हटला तर पडेन."

खार गेली ढगाकडे. तुरु तुरु तुरु.

"ढगमामा, ढगमामा, हट ना! ढग हटेना, ऊन पडेना, फुलं वाळेनात. आईच्या नावाचा थेंब कसा पडेल?"

"मी केवढा जाडा! आपला आपण हलतो होय? वारा वाहिला तर हटेन."

खार गेली वाऱ्याकडे. तुरु तुरु तुरु.

"वारेदादा, वारेदादा, वाह ना! वारा वाहेना, ढग हटेना, ऊन पडेना, फुलं वाळेनात. आईच्या नावाचा थेंब कसा पडेल?"

"आळस आलाय बुवा. मैना गायली तर वाहीन."

खार गेली मैनेकडे. तुरु तुरु तुरु.

"मैनामावशी, मैनामावशी, गा ना! मैना गाईना, वारा वाहेना, ढग हटेना, ऊन पडेना, फुलं वाळेनात. आईच्या नावाचा थेंब कसा पडेल?"

"शूऽऽ! पिलू निजलंय. उठलं तर गाईन. पण उठवायचं नाही हं!"

खार घरट्याशी बसली. अगदी हळू म्हणाली,

"पिलू उठेना, मैना गाईना, वारा वाहेना, ढग हटेना, ऊन पडेना, फुलं वाळेनात. आईच्या नावाचा थेंब कसा पडेल?"

पिलू आईच्या पंखाखाली होतं. ते बघून खारीला रडू फुटलं. मुसू मुसू. मग मोठ्यांदा.

"गप गं! उठेल ना ते!" मैना म्हणाली.

पिलू उठलंच.

"का रडतेस?"

"माझी आई नाही."

पिलू खारीला बिलगलं. "आई, गा ना हिच्यासाठी."

मैनेने दोघांवर पंख धरला. मग गायली.

मैना गायली, वारा वाहिला. सूं सूं सूं.
वारा वाहिला, ढग हटला. सर सर सर.
ढग हटला, ऊन पडलं. लख्ख!
ऊन पडलं, फुलं वाळली. कुर्र कुर्र कुर्र.

काकूने दाबून पाहिली. "आता कशी छान!" फुलं रांजणात गेली. तोंड लिंपलं.

पुष्कळ दिवस गेले. खार रोज रांजणाशी येऊन बसायची. एक दिवस काकूने रांजण उघडला. मोह गाळला. म्हणाली, "हा खारीच्या आईचा."

टप्प.

थेंब मातीत मुरला. आई काही आली नाही. खारीने ओल्या मातीवर गाल टेकला, आणि तिथेच निजली.

बाळा, एवढं शेजारच्या बाळाला सांग. त्याने पुढच्याला सांगावं. कुणी रडलं तर "गप" नाही म्हणायचं. "का रडतेस?" असं विचारायचं.