राजानं नावाजलेलं तण

पूर्वी केतुमती नगरीत अजितसेन राजाचं राज्य होतं, त्या काळी बोधिसत्त्व नगराबाहेरच्या एका गावात बैल होऊन जन्मला होता. बैलही कसला, तर तांबडा, एक शिंग वाकडं, देखणेपणाच्या नावानं शून्य. पण शहाणा असा, की त्याचा धनी नंदिक कुठलीही गोष्ट आधी बैलाला विचारी आणि मग बायकोला. बायको उत्पला यावरून त्याला येता-जाता टोमणे मारी. हो, बैल बोलत असे. त्या काळी जनावरं बोलत. माणसं ऐकत की नाही, हा प्रश्न वेगळा.

त्या वर्षी नंदिकच्या गव्हात तण माजलं. साधं तण असतं तर खुरपून टाकलं असतं. हे पडलं लबाड. कोवळं असताना पान गव्हासारखं, रंग गव्हासारखा. उपटायला जावं तर हातात हटकून गहूच यायचा. गावात त्याला फसवं गवत म्हणत. ओंब्या बाहेर पडल्या की मगच त्याचं सोंग उघडं पडे. गव्हाची ओंबी घट्ट आणि ताठ, याचे दाणे सैल, विरळ, वाऱ्यावर लोंबणारे. आणि तेव्हाही घाई करावी लागे, कारण गहू पिकायच्या आधीच त्याचं बी मातीत गळून पडतं. एकदा गळलं की पुढची कित्येक वर्षं गव्हापेक्षा तेच जास्त उगवणार.

म्हणून ओंब्या दिसल्या त्याच दिवशी नंदिक आणि उत्पला विळे घेऊन शेतात उतरले, आणि नेमका तेव्हाच राजाचा रथ बांधाशी येऊन थांबला.

राजा मनानं चांगला होता. शेतीतलं मात्र त्याला ताटापलीकडं काही कळत नव्हतं. सगळ्या पिकाच्या वर हातभर डोलणारं ते गवत पाहून तो हरखून गेला.

"वा! याला म्हणतात गहू! बाकीचा याच्यापुढं अगदीच खुजा दिसतो, नाही का रे?"

नंदिकनं खरं सांगायला तोंड उघडलं. राजाच्या कमरेला तलवार होती. "होय, महाराज," तो म्हणाला.

"मग हे विळे कशाला? कापताय की काय?"

"छे छे, महाराज! वारा घालत होतो."

उत्पलानं डोळे मिटून घेतले. राजा खूश झाला आणि त्यानं जागच्या जागी आज्ञा दिली. हा उंच गहू राखावा, पिकल्यावर याचं बी राज्यातल्या प्रत्येक शेतकऱ्याला पेरायला द्यावं, आणि तोवर जो याला हात लावील त्याला देहदंड. गोमुख नावाचा पहारेकरी भाला घेऊन तिथं उभा राहिला आणि रथ निघून गेला.

मग काय विचारता! गावातले लोक येऊन गवताला नमस्कार करू लागले. जन्मभर ते उपटून ज्यांचे हात सोलले होते, तेही म्हणत, "काय बाई तेज आहे!" गोमुख स्वतः शेतकऱ्याचा मुलगा, तोही चिमण्यांना दरडावी, "ए, राजाच्या गव्हावर बसू नका!"

नंदिकला मात्र घास गिळेना. संध्याकाळी तो गोठ्यात बैलाच्या मानेला टेकून बसला.

"तांबड्या, दाणे भरत आलेत रे. आता गळतील."

"राजाला सांग."

"जीभच वळत नाही. घाबरट आहे मी."

"मग उद्या माझं दावं सैल बांध," बैल शांतपणे म्हणाला.

नंदिक ताडकन उठला. "वेड लागलंय का तुला? मारून टाकतील!"

"टाकू देत. ते बी गावोगाव पेरलं गेलं तर किती लेकरं उपाशी निजतील, याचा विचार कर. आणि हे बघ, माझं शेण लगेच शेतात टाकू नकोस. उकिरड्यात चांगलं कुजू दे, म्हणजे त्यातलं गवताचं बी मरेल. नाहीतर माझं मरण फुकट जायचं."

नंदिक लहान मुलासारखा रडला. वासरू असल्यापासून त्यानं तांबड्याला पोटच्या पोरासारखं वाढवलं होतं. सकाळी त्यानं दाव्याची गाठ मारली नाही, नुसती मारल्यासारखी केली.

बैल शेतात शिरला. गव्हाच्या दुधाळ ओंब्या नाकाला घासत होत्या, आणि बैलाला काही गहू कमी आवडत नाही; पण त्यानं एका ओंबीला जीभ लावली नाही. निवडून निवडून फक्त गवत खाल्लं. गोमुख तोवर पाठमोरा उभा राहून आभाळातला एक ढग मोठ्या काळजीनं पाहत होता. गवताचं अखेरचं ताट संपल्यावर तो गर्रकन वळला आणि ओरडला, "चोर! चोर!"

राजा आला, तो लालबुंद होऊनच. सारं गाव जमलं. बैलानं मान पुढं केली. गोमुखनं भाला उचलला, तसा नंदिक धावत जाऊन बैलाच्या गळ्यात पडला.

"महाराज, आधी मला मारा! खोटं मी बोललो! तो गहू नव्हता, गवत होतं! बघा, गव्हाची एक ओंबी तरी मोडलीय का!"

राजानं शेताकडं पाहिलं. गहू जसाच्या तसा उभा होता. "गोमुखा, तुला ठाऊक होतं?"

"पहिल्या दिवसापासून, महाराज."

"आणि सारथ्या, तुला?"

सारथी घोड्याचा लगाम नीट करू लागला.

"सगळ्यांना ठाऊक होतं!" राजाचा आवाज खाली आला. "मग मला कुणीच कसं सांगितलं नाही?"

तेव्हा बैल म्हणाला, "मी आज सांगणारच होतो, महाराज. पण सकाळपासून तोंडात घास होता."

राजाला हसू आवरेना. हसता हसता त्याचे डोळे भरून आले. त्यानं देहदंड मागं घेतला, रथातून उतरला आणि धोतर खोचून गव्हात शिरला. "कुठं एखादं राहिलं असेल तर मीच उपटतो," असं म्हणून त्यानं वाकून एक रोप मुळासकट उपटलं आणि अभिमानानं वर धरलं.

"महाराज, तो गहू!" सारं गाव एका आवाजात ओरडलं.

ही कथा सांगून भगवान म्हणाले, "भिक्खूंनो, तेव्हाचा राजा म्हणजे आपले स्थविर उत्तरक, जे कितीतरी दिवस खारट पेज रांधताहेत आणि रोज 'उत्तम झाली' असं ऐकताहेत. तेव्हाचं गाव म्हणजे तुम्ही सारे. गोमुख म्हणजे रोज वाढताना दुसरीकडं पाहणारा भिक्खू पिंगिय, नंदिक म्हणजे आज सकाळी धीर करून पाणी मागणारा नवशिका श्रामणेर खेमक, उत्पला म्हणजे आपल्याला मीठ पुरवणारी उपासिका विमला, आणि तो तांबडा बैल म्हणजे मीच. दुसऱ्याच्या भल्यासाठी जिवावर उदार होऊन पाळलेलं सत्य, ती सत्यपारमिता."

स्थविर उत्तरकांनी सावकाश आपल्या पात्रातल्या पेजेचा एक घोट घेतला. मग ते उठले आणि सर्वांसाठी पाणी आणायला गेले.